तात्या विंचूची जागा

गडहिंग्लजच्या शाळांत आज बसलेल्या मुलांपैकी एकाचाही जन्म ‘झपाटलेला’ आला त्या १९९३ सालापर्यंत झालेला नव्हता, तरी तात्या विंचू कोण हे त्यांना सांगावं लागत नाही. ‘ओम फट स्वाहा’ म्हटलं की पहिलीतलं पोरगंही डोळे वटारून हात पुढे करतं. त्यांच्या आईबापांनी ‘झपाटलेला’ पाहिला तो गणपतीत गल्लीत लावलेल्या पडद्यावर, नाहीतर भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. मुलांनी तो मराठी चित्रपटांच्या वाहिन्यांवर आणि मोबाइलवर पाहिला. यंत्रं बदलत गेली, बाहुला तोच राहिला.

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण ‘संत तुकाराम’चा (१९३६) व्हेनिसमधला गौरव सांगतो, ‘श्यामची आई’ला (१९५३) मिळालेलं पहिलं सुवर्णकमळ सांगतो, पुढे ‘सामना’ आणि ‘श्वास’ सांगतो. ते सांगायलाच हवं. पण त्या यादीत ‘झपाटलेला’चा विषय निघाला तर ‘त्या काळातली एक धमाल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. कथा परदेशातून उचललेली, पैसा तुटपुंजा, आणि धड भयपट नाही की धड विनोदी नाही, असे तीन आक्षेप ठरलेले असतात. मला वाटतं, या तीन आक्षेपांच्या आतच त्या चित्रपटाचं मोठेपण आहे, आणि त्याला इतिहासात मानाची जागा मिळायला हवी.

कथा उसनी आहे, यात वाद नाही. १९८८ साली टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला ‘चाइल्ड्स प्ले’ आला. शिकागोचा एक खुनी पोलिसांच्या गोळीने घायाळ होऊन खेळण्यांच्या दुकानात शिरतो आणि मरता मरता मंत्र म्हणून आपला जीव एका बाहुल्यात घालतो. पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याच्यापाशी त्याने आपलं गुपित पहिल्यांदा उघड केलं, त्याच्याच देहात त्याला शिरावं लागतं. महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’साठी हा सांगाडा उचलला. त्यावर मांस मात्र इथलं चढवलं.

अमेरिकेतला बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या वाढदिवसाला घरात येतो. एकटीने संसार ओढणारी आई, टीव्हीवरच्या जाहिराती, प्रत्येक मुलाला हवंहवंसं वाटणारं कारखान्यातलं खेळणं. त्या चित्रपटातली भीती बाजारातून आलेली आहे. १९९३ च्या मराठी गावात तसा बाजार नव्हता, त्यामुळे ती भीतीही नव्हती. मग कोठाऱ्यांनी लहान मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आणला. हा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा शब्दभ्रमकार आहे, भोळा आहे, भित्रा आहे, आणि त्याचं आडनावही बोलके. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ज्याचं पोटच बाहुल्याला बोलकं करण्यावर चालतं, तो माणूस गावाला सांगतो की हा बाहुला आपला आपण बोलतोय. कोण विश्वास ठेवणार? अँडीवर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लहान आहे. लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो आपल्या कामात तरबेज आहे. एका कलावंताची कलाच त्याच्यावर उलटते. मूळ चित्रपटात ही कल्पना कुठेही नाही. ती मराठी पटकथेची कमाई आहे.

आणखी एक बारीक फरक पाहा. तिथला बाहुला मरतो तो काळजात गोळी लागून. इथे तात्या विंचूला संपवायचं तर नेम धरावा लागतो दोन भुवयांच्या मधोमध, जिथे आपण गंध लावतो, कुंकू लावतो. ही जागा मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही. बाहुल्याचंही तसंच. नव्या घराच्या बांधकामावर टांगलेली काळी बाहुली, ट्रकच्या पुढे लोंबणारी काळी बाहुली, करणीच्या गोष्टींतली टाचण्या टोचलेली बाहुली या आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. बाहुलीत काहीतरी असू शकतं, हा संशय आपल्या लोकांच्या मनात खेळण्याच्या दुकानाच्या कितीतरी आधीचा. म्हणून शिकागोचा बाहुला इथे आला तेव्हा तो पाहुणा वाटला नाही.

त्याच अमेरिकी कथेवर १९९६ साली हिंदीत लॉरेन्स डिसोझा यांनी करिष्मा कपूरला घेऊन ‘पापी गुडिया’ केला. नायिका नावाजलेली, बाजारपेठ देशभराची. आज तो आठवणारा माणूस शोधावा लागतो. ‘झपाटलेला’ मात्र ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत गेला आणि तिकडेही त्याने आपले चाहते मिळवले. उसनवारी दोघांनीही केली. एकाने फक्त गोष्ट घेतली, दुसऱ्याने ती घेताना आपलं गाव सोडलं नाही.

आता पैशाचा मुद्दा. अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’मधला चकी हा बाहुला केविन येगर यांच्या चमूने घडवला. चेहऱ्यावरचे हावभाव रेडिओवर चालणाऱ्या यंत्रांनी केले, एकेका बाहुल्यामागे अनेक तंत्रज्ञ राबले, आणि चालण्याच्या काही दृश्यांत एड गेल हा कमी उंचीचा नट बाहुल्याच्या वेशात उभा राहिला. मराठी निर्मात्याला हे सगळं परवडणारं नव्हतं. त्याच्याकडे रामदास पाध्ये होते.

पाध्ये यांच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या चित्रपटाचा निम्मा जीव त्यांच्या हातात होता. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये हे शब्दभ्रमाच्या कलेतले आपल्याकडचे आद्य कलावंत. त्यांनी घडवलेल्या अर्धवटरावाने आता शंभरी ओलांडली आहे. रामदास पाध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि ते शिक्षण त्यांनी बाहुल्यांच्या पोटात ओतलं. तरफ कुठे बसवली की जबडा माणसासारखा हलेल, दोरी किती ओढली की डोळा तिरका होईल, पापणी किती वेळ मिटलेली ठेवली की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येईल, हा त्यांचा हिशेब होता. त्याला जोडीला दिलीप प्रभावळकरांचा आवाज. ‘चिमणराव’ म्हणून महाराष्ट्राने ज्याच्यावर माया केली आणि पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) ज्याला गांधीजी म्हणून देशाने पाहिलं, तोच नट मधल्या काळात एका लाकडी गुंडाचा घसा झाला.

हाताने चालवायचा बाहुला असला की कॅमेऱ्याला शिस्त लागते. चालवणारा माणूस दिसता कामा नये, म्हणून बाहुला पलंगाच्या कडेला, टेबलामागे, खिडकीत दिसायचा. तो पूर्ण दिसत नाही, म्हणून उरलेला आपण मनात पुरा करतो. भीती नेमकी त्या न दिसणाऱ्या भागात राहते. पैसा नव्हता म्हणून दाखवता आलं नाही, आणि दाखवता आलं नाही म्हणून प्रेक्षकाला कल्पना करावी लागली. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. मराठीतला तो पहिला थ्रीडी चित्रपट, आणि कोठाऱ्यांची तंत्राची हौस खरी आहे; १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये त्यांनीच मराठीत सिनेमास्कोप आणला होता. पण लोक आजही बोलतात ते पहिल्याबद्दल. माझ्या मते याचं उत्तर त्या हातात आहे. बाहुल्याच्या आत एका जिवंत माणसाचा हात होता आणि तो पडद्यावर जाणवतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हाताने घडवण्याची ही गोष्ट नवी वाटू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव अकाली गेले, बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला आणि त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ उभा राहिला. परदेशी यंत्र परवडत नाही, तर घरात करू, हा कोल्हापूरचा पहिला धडा आहे. आणि गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे कुडाळजवळच्या पिंगुळीत गेलं तर ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आजही पाहायला मिळतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या रामायण-महाभारत सांगतात, तात्या विंचू गुंडाची गोष्ट सांगतो. पण लाकूड आणि दोरीतून जीव उभा करण्याची विद्या एकच. एकीला आपण वारसा म्हणतो आणि दुसरीला टाइमपास, हा भेद मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात महत्त्वाचा. चित्रपट भीती घालतो की हसवतो, हे एकदा ठरवा, असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारेन: आपल्या लोकांनी हे कधी ठरवलं होतं? दशावतारी खेळाच्या आरंभी संकासुर येतो. काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, वेद पळवून नेणारा असुर. लहान मुलं त्याला पाहून आईच्या पदराआड दडतात, आणि तोच आपल्या बोलण्याने मंडळींना पोट धरून हसायला लावतो. हसणं आणि भिणं एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी चढवलेलं असतं. द. मा. मिरासदारांनी ‘भुताचा जन्म’ या कथेत गैरसमजातून आणि सांगोवांगीतून भूत कसं जन्माला येतं ते सांगितलं, आणि ऐकणाऱ्या सभा हसून लोटपोट झाल्या. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटाच्या लेखनातही मिरासदार होते. त्यात अशोक सराफांनी साकारलेलं भूत माणसाशी दोस्ती करतं. रात्री शेताला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाला अंधार रोजचा असतो. तो भुताच्या गोष्टी सांगतो त्या घाबरवण्यासाठीही आणि धीर येण्यासाठीही. हसल्याशिवाय तो अंधार पार होत नाही.

रामसे बंधूंच्या चित्रपटांशी तुलना केली की ‘झपाटलेला’चं वेगळेपण लख्ख दिसतं. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत त्यांनी थोड्या पैशात भयपट काढले आणि ते तालुक्याच्या गावांतून चालले. त्यांचा मी आदर करतो. पण त्यांच्याकडे विनोद वेगळ्या डब्यात असतो. जगदीप येऊन हसवून जातो, मग भूत येतं. कोठाऱ्यांनी ही भिंतच काढली. लक्ष्या घाबरतो तेव्हाच आपण हसतो, आणि आपण हसत असताना बाहुल्याची मान वळते. बेर्डे यांचं विनोदातलं कसब आपण फार स्वस्तात मोजलं. भीतीचा खरा अभिनय हा विनोदी अभिनयाहून अवघड, आणि त्यांनी दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच क्षणी केले. समोर लाकूड आहे हे ठाऊक असताना ज्याच्या डोळ्यांतली भीती खरी वाटते, त्या नटानेच बाहुल्याला जिवंत केलं. पाध्यांनी तोंड हलवलं, प्रभावळकरांनी आवाज दिला, पण तो बाहुला जिवंत आहे हे आपल्याला पटवलं लक्ष्मीकांतने.

एक आक्षेप मात्र असा आहे की तो हसून टाळता येत नाही. मंत्राने जीव एका देहातून दुसऱ्यात जातो, ‘बाबा चमत्कार’ हा मांत्रिक सांगतो ते खरं ठरतं, मग हा चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही का? गडहिंग्लजच्या माणसाने हा प्रश्न गांभीर्याने घ्यायलाच हवा. १९७५ साली देवदासींची परिषद याच गावात भरली होती. देवाच्या नावाने पोरी सोडणं, केसात जट आली की ती देवीची खूण मानणं, अंगात येणं, भानामती, करणी, देवऋषी, उतारे यांनी या सीमाभागातल्या बायकांच्या आयुष्याची किती माती केली हे इथे ठाऊक आहे. २०१३ साली, ‘झपाटलेला २’ आला त्याच वर्षी, २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा भूत हा विषय आपल्याकडे निव्वळ करमणुकीचा नाही.

मी हेही मान्य करतो की ‘झपाटलेला’ अंधश्रद्धेचं खंडन करत नाही. त्याच्या गोष्टीत मंत्र चालतो. पण त्याच गोष्टीतलं भूत कोणाचं आहे ते पाहा. आपल्या लोकसमजुतीत भुताचा जाच बहुतेक बाईच्या माथी येतो. हडळ ती, जखीण ती, चेटकीण ती, आणि ‘बाहेरचं’ काढायला केस धरून फरफटत नेली जाते तीही तीच. तात्या विंचू बाई नाही, अतृप्त आत्मा नाही, कोणाच्या पापाची शिक्षा नाही. तो सरळसरळ गुंड आहे. त्याचा साथीदार कुबड्या खवीस, नावाने भूत आणि धंद्याने गुन्हेगार. १९९३ साली महाराष्ट्राने मुंबईचे बॉम्बस्फोट पाहिले होते आणि टोळ्यांची नावं रोज वर्तमानपत्रात येत होती. भीती कोणाची बाळगायची, तर हत्यार घेतलेल्या माणसाची, हे या चित्रपटाने भुताच्या भाषेत सांगितलं. आणि त्याचा शेवट होतो तो पोलिसाच्या गोळीने. कोणा देवऋषीच्या उताऱ्याने तात्या जात नाही. शिवाय ज्या मुलाने एकदा तात्या विंचूला पाहून मनसोक्त हसून घेतलं, त्याला पुढे कोणी लिंबू-टाचण्यांची भीती घातली तर ते मूल जरा तरी थांबून पाहील, असा माझा विश्वास आहे. दाभोलकरांचं काम चित्रपट करू शकत नाही. पण भीतीची धार बोथट करणं हेही काम आहे, आणि ते हसण्याइतकं दुसऱ्या कशाने होत नाही.

या वाटेवर पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. कोठाऱ्यांनीच २००४ साली ‘पछाडलेला’ केला. प्रभावळकरांचा इनामदार भुस्नळे आणि भरत जाधवची तारांबळ आजही लोकांच्या तोंडी आहे. २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला. डोंबिवलीतले उंच टॉवर आणि खेटून असलेली झोपडपट्टी, त्यांच्यातला पाण्याचा तंटा, आणि त्यातून उठलेले झोंबी. परदेशी भुताला मराठी शहराचा पत्ता देण्याचं ते नेमकं काम होतं. पण २०२४ साली त्याच सरपोतदारांनी कोकणातला मुंजा पडद्यावर आणला तो हिंदीत. पिंपळावरचा आपला मुंजा हिंदीतून देशभर गेला आणि शंभर कोटींच्या वर कमाई करून आला. मला त्याचा आनंद आहे, आणि वाईटही वाटतं. वेताळ, समंध, खवीस, चकवा, देवचार, गिरा ही एवढी मोठी मंडळी आपल्या घरात आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भयकथेची सवय लावून ठेवली आहे. तरीही मराठी निर्माता या विषयाला हात घालताना बिचकतो, कारण हे हलकं काम समजलं जातं.

अमेरिकेत असं समजत नाहीत. १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास, मोठ्या स्टुडिओपासून दूर, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. आज तो त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत आहे. १९९९ साली त्याला जतन करण्याजोगा सांस्कृतिक ठेवा म्हणून तिथे घेतलं. सॅम रेमी यांनी ओळखीपाळखीच्या डॉक्टर-व्यावसायिकांकडून पैसे गोळा करून टेनेसीच्या जंगलातल्या एका झोपडीत ‘द इव्हिल डेड’ (१९८१) केला. त्यावर आज विद्यापीठांत प्रबंध होतात. स्वस्तातला भयपट हा आपल्या समाजाच्या मनाचा दस्तऐवज असतो, हे त्यांनी ओळखलं आहे.

आपण काय ओळखलं? ज्या ‘सैरंध्री’चा आपण अभिमान सांगतो, तो आज कुठेही पाहायला मिळत नाही. १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ही गेला. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेली ती रिळं आपण जपली नाहीत, कारण त्या वेळी तीही कोणाला जपण्याजोगी वाटली नाहीत. ‘झपाटलेला’चे लोकही एकेक करून जात आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, विजय चव्हाण २०१८ साली, बाबा चमत्कार झालेले राघवेंद्र कडकोळ २०२१ साली. बाहुला कसा चालवला, कोणत्या दृश्यात किती हात लागले, कोणती युक्ती ऐनवेळी सुचली, हे सांगू शकणारी माणसं आता मोजकी उरली आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि शिवाजी विद्यापीठाने त्यांना गाठावं, त्यांच्या तोंडून हे सगळं रेकॉर्ड करून घ्यावं, मूळ निगेटिव्ह कुठल्या अवस्थेत आहे ते पाहून तिचं जतन करावं. आणि गडहिंग्लजच्या गणेश मंडळांना माझी विनंती आहे: यंदा एका रात्री डॉल्बी बंद ठेवा, गल्लीत पांढरा पडदा लावा आणि ‘झपाटलेला’ दाखवा. मुलांना पुढे बसवा, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्या. खर्च फार येणार नाही.